निओ-सोल ऐकायला सुरुवात कशी करावी

निओ-सोल पहिल्यांदा ऐकणाऱ्या अनेकांची तक्रार एकच असते: गाणे सुरू होते, पण ते पुढे सरकतच नाही. ठसठशीत मुखडा येत नाही, आवाज टिपेला पोहोचत नाही, पाच-सहा मिनिटे एकच ठेका चालू राहतो आणि गायक जणू स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असतो. ही तक्रार खोटी नाही, पण ती कान चुकीच्या जागी लावल्यामुळे होते. आपल्याला गाणे वरून खाली ऐकण्याची सवय असते. आधी शब्द, मग चाल आणि लक्ष उरलेच तर मागची वाद्ये. निओ-सोल खालून वर ऐकावे लागते, म्हणजे आधी ड्रम आणि बेस गिटार, त्यानंतर कीबोर्डचे स्वर आणि सर्वांत शेवटी गळा. पुढे सांगितलेली सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे, आणि माझा अनुभव असा आहे की ही सवय एकदा लागली की तेच 'न सरकणारे' गाणे संपू नये असे वाटू लागते.

ऐकण्यापूर्वी एवढे ठाऊक असावे

निओ-सोल हे १९९०च्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुण कलावंतांनी घडवलेले संगीत आहे. त्याचे मूळ १९७०च्या दशकातील सोल संगीतात आहे. मार्विन गे यांचा १९७१ सालचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', स्टीव्ही वंडर यांचे त्या दशकातील अल्बम, डॉनी हॅथवे, कर्टिस मेफील्ड आणि रोबर्टा फ्लॅक यांची गाणी हा तो वारसा. त्याच्याही मागे चर्चमधील गॉस्पेल गायन आहे. १९८०च्या दशकात सिंथेसायझर आणि ड्रम मशीन आले, ध्वनिमुद्रणे चकचकीत आणि घोटीव झाली, आणि समोरासमोर बसून वाजवणाऱ्या वादकांचा ऊबदार, थोडा खडबडीत आवाज रेडिओवरील लोकप्रिय गाण्यांतून मागे पडला.

तो आवाज जिवंत राहिला तो एका अनपेक्षित ठिकाणी. हिप-हॉपचे निर्माते जुन्या तबकड्यांवरचे दोन-चार सेकंदांचे तुकडे उचलून त्यांची आवर्तने करीत होते, आणि त्या तुकड्यांमधून एका संपूर्ण पिढीच्या कानावर आदल्या पिढीचे सोल आणि जॅझ पडत होते. ही पिढी वाद्यांकडे वळली, तेव्हा तिला जुन्या सोलचा गोडवा हवा होता, पण ठेका मात्र हिप-हॉपचा हवा होता. निओ-सोलला केवळ जुन्याची आठवण म्हणणे मला म्हणूनच पटत नाही. हिप-हॉप वजा केले तर हे संगीत उभेच राहू शकत नाही.

'निओ-सोल' हे नाव रुळवले ते केदार मॅसेनबर्ग यांनी. गायक डी'अँजेलो आणि गायिका एरिका बाडू यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला ते त्यांचे व्यवस्थापक होते आणि पुढे मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीचे प्रमुख झाले. नाव विक्रीच्या सोयीसाठी होते आणि अनेक कलावंतांनी ते मनापासून कधी स्वीकारले नाही. आपण निओ-सोल करतो असा दावा आपण कधीच केला नव्हता, आपण कृष्णवर्णीयांचे संगीत करतो, असे डी'अँजेलो यांनी २०१४ साली जाहीरपणे सांगितले होते. हा आक्षेप समजून घेण्यासारखा आहे. 'निओ' म्हटले की जुने मध्येच मरून गेले होते असा अर्थ निघतो, आणि जो माणूस चर्चमधले गाणे रोज ऐकत वाढला त्याच्यासाठी ते कधीच मेलेले नव्हते. नाव सोयीसाठी वापरावे, पण कोणते गाणे त्यात बसते आणि कोणते बसत नाही या वादात नवख्या श्रोत्याने वेळ घालवू नये.

पहिला अल्बम कोणता घ्यावा

जाणकारांना विचारले तर बहुतेक जण डी'अँजेलो यांच्या २००० सालच्या 'वूडू'चे नाव घेतील. तो या प्रवाहाचा सर्वांत खोल अल्बम आहे याबद्दल माझे दुमत नाही, पण सुरुवात त्याने करू नये. त्यातील ठेका इतका सैल वाटतो आणि आवाज इतके एकमेकांत मिसळलेले आहेत की नवखा कान तिथे हरवतो. सुरुवात एरिका बाडू यांच्या १९९७ सालच्या 'बाडूइझम'ने करावी. त्यात वाद्ये मोजकी आहेत, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी वेगळे ऐकू येते आणि बेसचा आवाज चांगला समोर ठेवलेला आहे.

या अल्बमची सुरुवातच एका धड्याने होते असे म्हणता येईल. 'रिमशॉट' नावाची जेमतेम दोन मिनिटांची प्रस्तावना आहे. स्नेअर ड्रमच्या कडेवर काठी पडली की जो 'टक्' असा कोरडा, लाकडी आवाज निघतो, त्याला इथे रिमशॉट म्हटले आहे, आणि बाडू त्या आवाजाबद्दलच गातात. म्हणजे गायिका अल्बमच्या दारातच सांगते की आधी हा ठोका ऐका. अल्बमच्या शेवटी तीच कल्पना पुन्हा येते. प्रस्तावनेनंतरचे 'ऑन अँड ऑन' हे गाणे सलग तीन वेळा ऐकावे. पहिल्या वेळी फक्त त्या काठीच्या आवाजावर लक्ष ठेवावे, दुसऱ्या वेळी फक्त बेसवर, आणि तिसऱ्या वेळी बाडूंच्या आवाजाकडे वळावे. तिसऱ्या फेरीत असे लक्षात येते की गायिका ठेक्यावर स्वार झालेली नाही. ती त्याला टेकून, जरा मागे रेलून गाते आहे.

हेडफोन वापरावेत, किंवा निदान ज्यातून खर्जातले स्वर नीट ऐकू येतात असे स्पीकर. मोबाइलच्या अंगच्या छोट्या स्पीकरमधून बेस जवळजवळ नाहीसाच होतो, आणि बेस गेला की या संगीताचा अर्धा अर्थ गेला.

रेंगाळणारा ठोका

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण निओ-सोलचा गाभा इथेच आहे.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात साधारणपणे चार मात्रांचे आवर्तन असते. किक ड्रमचा घुमणारा ठोका पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेच्या आसपास असतो, स्नेअरचा तडाखा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, आणि वर हाय-हॅट या झांजांच्या जोडीची बारीक किणकिण चालू असते. संगणकावर किंवा ड्रम मशीनवर ठेका बसवताना 'क्वांटाइझ' नावाची सोय वापरली जाते. माणसाने बटण थोडे अलीकडे-पलीकडे दाबले असले, तरी यंत्र तो ठोका उचलून नेमक्या जागी नेऊन ठेवते. ठेका निर्दोष होतो आणि बऱ्याचदा निर्जीवही होतो.

डेट्रॉइटचे निर्माते जेम्स डेविट यान्सी, ज्यांना जग जे डिला या नावाने ओळखते, त्यांनी या यंत्राकडून वेगळेच काम करून घेतले. अकाई कंपनीच्या एमपीसी ३००० या यंत्रात एका मात्रेचे ९६ भाग होतात. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत यातला एक भाग सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजला तर आठच्याही आत येतो. डिला यांनी सगळेच ठोके सैल सोडले नाहीत. एखादा ठोका अगदी नेमका, दुसरा किंचित उशिरा, तिसरा जरा लवकर, अशी त्यांची मांडणी असे. सरळ चालणाऱ्या लयीवर झोके घेणारी लय ठेवली की दोन्ही एकमेकांना घासतात, आणि त्या घर्षणातून ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलू लागते. ते यंत्र आज वॉशिंग्टनमधील आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृती या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. डिला १० फेब्रुवारी २००६ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी गेले. त्यांचा 'डोनट्स' हा अल्बम त्याच्या तीनच दिवस आधी, त्यांच्या वाढदिवशी प्रसिद्ध झाला होता.

खरी गंमत पुढे आहे. यंत्रावर साधलेली ही गोष्ट मग माणसे हाताने वाजवू लागली. द रूट्स या गटाचे ड्रमर क्वेस्टलव्ह हे अतिशय काटेकोर लयीचे वादक. 'वूडू'साठी त्यांना ती काटेकोरी बाजूला ठेवून, ठोका मागे ओढत वाजवायला शिकावे लागले. बेसवर वेल्सचे पीनो पॅलाडिनो होते, आणि त्यांचा स्वर ड्रमच्याही थोडा मागून येतो. किक, बेस आणि गळा अशा तीन गोष्टी एकाच मात्रेवर पोहोचायला निघतात आणि प्रत्येक जण आपापल्या वेळेने पोहोचतो.

हे केवळ वाचून समजत नाही, म्हणून एक सराव सुचवतो. 'वूडू'मधील 'चिकन ग्रीझ' हे गाणे लावावे. पायाने चारही मात्रा एकसारख्या धराव्यात आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर टाळी द्यावी. थोड्या वेळाने आपली टाळी स्नेअरच्या अगदी किंचित आधी पडते आहे असे वाटू लागते. आपण चुकलो असे समजून टाळी लांबवण्याचा मोह होतो, आणि तशी लांबवली की पायाची लय बिघडते. तो मोह आवरावा. पाय सरळ चालू द्यावा, टाळी त्याच्याबरोबर ठेवावी आणि टाळी व स्नेअर यांच्यामधल्या त्या केसाएवढ्या फटीकडे लक्ष द्यावे. ती फट हेच निओ-सोलचे घर आहे. मला ती पहिल्यांदा ऐकू यायला बरेच दिवस लागले होते, त्यामुळे एका बैठकीत जमले नाही तर नाउमेद होऊ नये.

रोड्स पियानो आणि उघडे राहणारे स्वर

ठेका अंगात मुरल्यावर कीबोर्डकडे यावे. या संगीतातील तो मऊ, घंटेसारखा, कडा विरघळलेला आवाज बहुतेक वेळा रोड्स या विद्युत पियानोचा असतो. त्यात तारा नसतात. पट्टी दाबली की एक हातोडी धातूच्या बारीक कांडीवर आदळते, कांडी थरथरते, आणि जवळच बसवलेला चुंबकीय पिकअप ती थरथर पकडून ॲम्प्लिफायरकडे पाठवतो. हळू वाजवले तर आवाज गोल आणि झोपाळू येतो, जोरात वाजवले तर त्याला थोडी करकर सुटते. याच्याच नात्यातले वुर्लिट्झर हे वाद्य धातूच्या पात्या वापरते आणि त्याचा आवाज अधिक नाकातला वाटतो. दोन्हींतला फरक ओळखता येऊ लागला की कान तयार होत असल्याची ती चांगली खूण समजावी.

दुसरी गोष्ट स्वरसंघातांची, म्हणजे कॉर्डची. साधा मेजर कॉर्ड सा, ग आणि प या तीन स्वरांचा असतो. तो पूर्ण वाटतो, त्याला कुठे जायचे नसते. त्यावर शुद्ध नी ठेवला की तो थोडा हळवा होतो, आणि वरच्या सप्तकातला रे ठेवला की अधिकच उघडा होतो. गंधार आणि निषाद कोमल केले, म्हणजे सा, कोमल ग, प, कोमल नी आणि वरचा रे असे पाच स्वर एकत्र वाजवले, की निओ-सोलचा जणू शिक्काच असलेला मायनर नाइन्थ कॉर्ड तयार होतो. जवळ कीबोर्ड किंवा त्याचे ॲप असेल तर हे पाच स्वर एकत्र दाबून पाहावेत. त्यात दुःख आहे, पण ते रडणारे नाही, आणि वाक्य संपल्यासारखे वाटतच नाही. ही भाषा जॅझकडून आली आहे. निओ-सोलची गाणी संपायची घाई करत नाहीत त्याचे एक कारण हेही आहे की त्यांच्या स्वरांना पूर्णविरामच नको असतो.

शेवटी गळा

आता शब्दांकडे यायला हरकत नाही. डी'अँजेलो यांचे शब्द पुष्कळदा कळत नाहीत, आणि सुरुवातीला ते कळले पाहिजेत असा हट्टही धरू नये. ते स्वतःचाच आवाज अनेक थरांत ध्वनिमुद्रित करून एकावर एक रचत. पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाच्या धर्मोपदेशकाच्या या मुलाच्या कानात चर्चचे समूहगान होते आणि गायक प्रिन्स यांची टिपेतली कुजबुजही होती. १९९५ सालच्या 'ब्राउन शुगर' या पहिल्या अल्बममध्ये शब्द बरेच स्वच्छ आहेत, त्यामुळे 'वूडू'च्या आधी तो ऐकावा. त्याच्या पुढच्याच वर्षी आलेला मॅक्सवेल यांचा 'अर्बन हँग सूट' प्रेमाच्या एका सलग कथेसारखा ऐकता येतो.

शब्दांसाठीच ऐकायचे असेल तर फिलाडेल्फियाच्या जिल स्कॉट यांच्याकडे जावे. त्या कवितावाचनाच्या मंचावरून गाण्याकडे आल्या, आणि 'हू इज जिल स्कॉट?' या २००० सालच्या अल्बममध्ये बोलणे कुठे संपते आणि गाणे कुठे सुरू होते हे सांगणे अवघड जाते. लॉरिन हिल यांचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' हा १९९८ सालचा अल्बम रॅप आणि गायन यांच्यामधला पूल आहे. १९९९ साली त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी मिळाला, जो त्याआधी हिप-हॉपच्या कोणत्याही कलावंताला मिळालेला नव्हता. त्यातील 'नथिंग ईव्हन मॅटर्स' या गाण्यात हिल आणि डी'अँजेलो एकत्र गातात. दोन गायक एकमेकांना वाट करून देत कसे गातात हे ऐकायचे असेल तर याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

एका स्टुडिओतले चार अल्बम

न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये इलेक्ट्रिक लेडी नावाचा स्टुडिओ आहे. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्यासाठी तो बांधला गेला आणि १९७० साली उघडला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस क्वेस्टलव्ह, डी'अँजेलो, जे डिला आणि कीबोर्डवादक जेम्स पॉयझर यांच्याभोवती जमलेली मंडळी तिथे मुक्काम ठोकून होती. हा गट स्वतःला 'सोलक्वेरियन्स' म्हणवत असे. जुन्या तबकड्या आणि मैफिलींची चित्रफीत लावायची, त्यावर बोलायचे, मग वाजवायला बसायचे, आणि टेप फिरत ठेवायची, अशी कामाची रीत होती. ध्वनिमुद्रक रसेल एलेव्हाडो यांनी 'वूडू'साठी हट्टाने जुनी ॲनालॉग यंत्रे आणि टेप वापरली. त्या अल्बमचा दाट, तपकिरी आवाज हा त्या हट्टाचा परिणाम आहे.

द रूट्स यांचा 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९९९चा, तर 'वूडू', रॅपर कॉमन यांचा 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट' आणि बाडू यांचा 'मामाज गन' हे तिन्ही २०००चे. हे चार अल्बम एका महिन्यात ऐकावेत. एकाच्या गाण्यात दुसऱ्याचा ड्रमर, तिसऱ्याचा कीबोर्ड, चौथ्याचा ट्रम्पेटवादक रॉय हारग्रोव्ह सापडत जातो, आणि चार अल्बम म्हणजे एकाच लांबलेल्या संभाषणाचे चार तुकडे आहेत असे वाटू लागते. 'मामाज गन'मधील 'डिडन्ट चा नो'चा पाया डिला यांनी टारिका ब्लू या गटाच्या 'ड्रीमफ्लॉवर' या जुन्या रचनेवर घातला आहे. मूळ रचना आधी ऐकून मग गाणे ऐकले, तर डिला यांनी काय घेतले आणि काय सोडले ते स्वच्छ दिसते.

अशी जोडीने ऐकण्याची सवय फार लाभदायक आहे. रोबर्टा फ्लॅक यांचे १९७४ सालचे 'फील लाइक मेकिन लव्ह' आणि 'वूडू'मधील त्याचे नवे रूप, किंवा स्मोकी रॉबिन्सन यांचे 'क्रूझिन' आणि 'ब्राउन शुगर'मधील त्याचे रूप पाठोपाठ ऐकावे. चाल तीच राहते, पण जमीन बदललेली असते.

त्यानंतर कुठे जावे

पहिल्या लाटेतील बिलाल, म्यूझिक सोलचाइल्ड आणि इंडिया आरी यांचे पहिले अल्बम २०००-२००१ मधले आहेत आणि ते सहज आवडतात. अलीकडच्या काळात यायचे असेल तर रॉबर्ट ग्लास्पर यांचा २०१२ सालचा 'ब्लॅक रेडिओ' घ्यावा. जॅझ पियानोवादकाच्या या अल्बमवर बाडू, बिलाल आणि लेला हॅथवे गातात. लेला या डॉनी हॅथवे यांच्या कन्या, म्हणजे वारसा इथे अक्षरशः घरातूनच आलेला आहे. मेलबर्नच्या हायेटस कायोटी या गटाने या ठेक्याला आणखी वेडीवाकडी वळणे दिली, तर सोलांज यांच्या २०१६ सालच्या 'अ सीट ॲट द टेबल'मध्ये तो अगदी हलका, हवेशीर झाला आहे. डी'अँजेलो यांनी चौदा वर्षांच्या खंडानंतर, डिसेंबर २०१४ मध्ये, 'ब्लॅक मसायाह' दिला. तो अधिक करकरीत आणि अधिक राजकीय आहे.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. निओ-सोल या नावाखाली अभ्यासाच्या किंवा झोपेच्या वेळी मागे लावून ठेवण्यासाठी बनवलेल्या लांबलचक याद्या सगळीकडे मिळतात. त्यांत मऊ कॉर्ड असतात, पण ठोके पुष्कळदा एकाच साच्यातले असतात. हे संगीत पार्श्वभूमीला लावले की त्यातली फट ऐकू येत नाही, आणि उरतो तो नुसता गुळगुळीतपणा. दिवसाला दोनच गाणी ऐकावीत, पण ती दुसरे काहीही न करता ऐकावीत.

'वूडू' सुमारे ७९ मिनिटांचा आहे, त्यामुळे तो दोन बैठकींत ऐकायला हरकत नाही. दुसऱ्या बैठकीच्या शेवटाकडे 'अनटायटल्ड' हे सात मिनिटांचे गाणे येईल. ते चार मात्रांत नाही. संथ, सहाच्या वजनात ते झुलते, आणि हळूहळू एकेक थर चढत आवाज टिपेला जातो. हा संपूर्ण प्रवास खालून, म्हणजे बेसचे बोट धरून करावा. गाणे भरात असताना, शब्द अर्ध्यावर असतानाच अचानक तुटते. तो आपल्या फाइलमधला किंवा ॲपमधला दोष नाही. ध्वनिमुद्रण तिथेच संपते. लगेच काही बंद करू नये. त्या क्षणभराच्या शांततेत पाय चालूच ठेवावा, मग 'आफ्रिका' सुरू होईल.